घिरट्यांची सोबत

३ मार्च, सोमवार

ही डायरी हिने आणून दिली. म्हणाली, "निवृत्तीला दोन महिने उरलेत. घरी आल्यापासून माझ्या कानाशी जी टकळी चालू असते, ती निम्मी इथे चालवा." म्हणून बसलोय लिहायला. शाळा अर्ध्यावर सुटलेला माणूस मी. वायरलेस दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली लागलो, मग विमानतळावर विमानं उतरवणाऱ्यांच्या खुर्च्यांच्या मागे उभं राहून काम शिकलो आणि परीक्षा देत देत एक दिवस खुर्चीत बसलो. तेव्हा अक्षर आणि व्याकरण दोन्ही डळमळीत असणार. वाचणारं कुणी नाही, हे बरं.

काम सांगायला सोपं आहे. विमानं चहूकडून येतात आणि धावपट्टी एक. सकाळच्या गर्दीत सगळी एकदम दारात येतात. विमानाला काही उभं राहता येत नाही, म्हणून त्यांना गोल गोल फिरवत ठेवायचं. एक खाली, त्याच्या हजार फूट वर दुसरं, त्याच्यावर तिसरं, असे मजले. खालचं उतरायला गेलं की वरचे सगळे एकेक मजला खाली सरकतात. या घिरट्या आमच्या घराच्या अंगालाच चालतात. गच्चीवर गेलं की दिसतात.

आजपासून त्या कमी करायचा प्रयोग सुरू झाला. प्रयोग टाचणीचा. टाचणी म्हणजे मी तयार केलेली शेवटची पोर. बारीक अंगाची, आणि चूक दिसली की टोचणारी, म्हणून मीच ठेवलेलं नाव. आता ती प्रयोगाची प्रमुख आहे, तरी मला बाकीच्यांसारखं मामाच म्हणते. सकाळी तिने सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "आत्ता काय होतं? सगळे ऊर फुटेपर्यंत धावत येतात आणि दारात इंधन जाळत बसतात. आपण यंत्रावर हिशेब करून त्यांना लांब असतानाच उतरायची वेळ द्यायची. तिकडच्या हद्दींतल्या नियंत्रण खोल्या त्यांना तिथूनच जरा हळू करतील. हळू आलं की इंधन कमी लागतं, आणि पोचतात तेव्हा दार उघडं."

साहेब म्हणाले, "सहा आठवडे देतो. घिरट्या निम्म्यावर आल्या तर ठेवू. नाहीतर आपलं जुनं काय वाईट आहे."

टाचणीने या कामात दोन वर्षं घातली आहेत, जेवायची शुद्ध नसायची. मी ठरवलं, जाता जाता पोरीला जमेल तेवढा हात द्यायचा.

५ मार्च, बुधवार

काम छान चाललंय. आज तिघांना "सरळ या" दिलं.

हे काय ते लिहून ठेवतो, पुढे माझं मलाच आठवायचं नाही. आमच्या हद्दीत शिरल्यावर विमानाची वाट वळणावळणाची असते. मध्ये जागा दिसली की मी वळणं गाळून त्यांना थेट बोलावतो. "सरळ या" एवढंच म्हणायचं. पलीकडच्या माणसाचा आवाज लगेच खुलतो. दमून आलेला असतो बिचारा, त्याला घर दिसतं. आपल्या हातात देण्यासारखं दुसरं असतं तरी काय. माझी ड्युटी नसते त्या दिवशी त्याच खुर्चीत चष्मेवाला बसतो. तो पडद्यावर असेल तेवढंच बोलतो. विमानांशी असा वागतो, जसं काही आत माणूस नाहीच.

आज घसा होता, आमचा जुना ओळखीचा वैमानिक. त्याचं खरं नाव माहीत आहे, पण खरखरीत आवाजामुळे सगळे घसाच म्हणतात. पूर्वी घिरट्या घालताना तो नेहमी म्हणायचा, "मामा, मामींना नमस्कार सांगा, तिसरी फेरी चाललीय त्यांच्या डोक्यावर." इतक्या उंचावरून डोंबल दिसतंय. पण मी घरी येऊन निरोप द्यायचो, आणि ही गच्चीवर कपडे वाळत घालताना वर बघून हात हलवायची. आज मी त्याला थेट उतरवला. म्हणाला, "मामा, तुम्ही आहात तोवर काळजी नाही."

टाचणी मागे उभी होती. म्हणाली, "मामा, त्याची वेळ अजून यायची होती ना?"

"अगं, आला लवकर तर बिघडलं कुठे? तुझाच प्रयोग चांगला दिसेल."

ती वहीत काहीतरी टिपून पुढे गेली. तिला पटलं असावं.

८ मार्च, शनिवार

सुट्टी. हिने पुन्हा खुर्चीचं काढलं. गच्चीवर एक खुर्ची आहे. दुसरी खाली अडगळीत पडलीय, तिचा एक पाय हलतो. तो पक्का करून ती वर नेऊन ठेवा, एवढंच तिचं म्हणणं. गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून म्हणतेय. म्हटलं, "थांब जरा, हा प्रयोग उरकू दे." ती म्हणाली, "थांबलेच आहे." आणि टोपली घेऊन वर गेली.

दोन खुर्च्या कशाला लागतात वर, कोण येतंय बसायला. पण बायकांना घर भरलेलं लागतं.

११ मार्च, मंगळवार

हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. वेळ अकराची होती, मी तिला दहाच्या आत नेऊन बसवलं. रस्ताभर ही पुटपुटत होती, "त्यांनी वेळ दिलीय ना, मग आपण लोकांच्या दारात जाऊन का बसायचं?" वेळेच्या आधी गेलेलं बरं असतं, हे तिला इतक्या वर्षांत पटलेलं नाही. बसलो मग भिंतीवरच्या अक्षरांचा तक्ता वाचत. खालची ओळ मला दिसली नाही, पण ते तिला सांगितलं नाही.

मध्ये खिडकीतल्या मुलीशी गोड बोललो. तिची विचारपूस केली, आम्ही लांबून आलोय म्हटलं. (घर चार गल्ल्या पलीकडे आहे.) तिने आम्हाला मध्येच आत सोडलं. बाहेर आलो तर एक म्हातारेबुवा काठीवर हनुवटी टेकून बसलेले. आमच्याकडे बघत राहिले. मुलगी त्यांना म्हणाली, "काका, तुमचीच वेळ होती, पण आता जरा बसावं लागेल." ते बरोबर वेळेवर आले होते म्हणे.

ही जिन्यात म्हणाली, "मला लाज वाटली."

"कशाची?"

ती कठडा चाचपत उतरायला लागली. डोळ्यांत थेंब घातल्याने तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून हात धरून घरी आणली.

१४ मार्च, शुक्रवार

पहिल्या पंधरवड्याचा हिशेब मांडला गेला. घिरट्या नावालाच कमी झाल्यात. साहेबांचं तोंड आंबट. त्यांनी टाचणीला विचारलं, "कुठल्या शिफ्टला किती, हे वेगळं काढलंय का?"

"अजून नाही काढलं," ती म्हणाली.

मला आश्चर्य वाटलं. ही पोर म्हणजे पेन्सिलसुद्धा लांबीप्रमाणे लावून ठेवणारी. कामाचा ताण आलाय तिच्यावर.

नंतर मला चहा आणून दिला तिने. शेजारी बसली. म्हणाली, "मामा, एक दिवस नुसतं बघत बसलात तर? येतील तसे येऊ द्यायचे."

"मी काय म्हातारा झालो?"

"तसं नाही हो मामा."

माझ्या तब्येतीची काळजी वाटते तिला. मी म्हटलं, "पोरी, शेवटच्या दिवसापर्यंत हात चालवत राहणार मी. तू निर्धास्त राहा." ती हसली, पण डोळे काही हसले नाहीत.

१८ मार्च, मंगळवार

आज नवीनच भानगड. वैमानिक ऐकेनात. तिकडच्या खोलीने हळू करायला सांगितलं तरी जोरात येतात. घशाला विचारलं, "का रे बाबा, वेळ दिली होती ना तुला?"

"दिली होती मामा. गेल्या आठवड्यात ऐकलंही. गोगलगायीसारखा आलो, आणि दारात पोचलो तर माझ्या जागेवर दुसराच. मला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. जो ऐकतो त्यालाच शिक्षा असेल तर ऐकायचं कशाला?"

बरोबर आहे त्याचं. यंत्राने त्याला वेळ दिली आणि दुसरीकडे कुठेतरी घोळ घातला. पडद्यावर आकडे येतात म्हणजे ते खरेच असतात असं नाही. मी त्याची समजूत काढली आणि चार वळणं गाळून सरळ घेतला. त्याचा राग गेला. पण बाकीच्यांचं काय? प्रत्येकाची समजूत मी कुठवर काढणार.

२० मार्च, गुरुवार

साहेबांच्या खोलीचं दार नीट लागत नाही, त्यामुळे बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू येतं. मी बूट घालत होतो.

साहेब म्हणाले, "आणखी एक आठवडा बघतो. नाहीतर हे गुंडाळायचं, आणि तू परत खुर्चीत. पुन्हा असं काही माझ्याकडे आणायचं नाही."

टाचणी म्हणाली, "चालेल."

"कारण तरी सांग. कुठे अडतंय?"

कागदांची चाळवाचाळव ऐकू आली. मग ती म्हणाली, "शोधतेय साहेब."

बाहेर आली तर नाकाचा शेंडा लाल. मी म्हटलं, "मी बोलतो त्यांच्याशी. यंत्रात खोट आहे म्हणून सांगतो, तुझ्यावर येणार नाही." ती म्हणाली, "नको मामा, तुम्ही नका पडू यात." आणि माझ्या डब्याची पिशवी बाकावर राहिली होती, ती उचलून माझ्या हातात दिली.

जिवाला लागलंय. दोन वर्षं रक्त आटवलं पोरीने, आणि सगळं पाण्यात जाणार.

२२ मार्च, शनिवार

संध्याकाळी हिच्याशी बोलत होतो. म्हटलं, प्रयोग बुडतोय. ही मोजे जोडीने लावत होती, म्हणाली, "मला काही प्रयोगाचं कळत नाही. पण तुमची ड्युटी असते ना सकाळी, तेव्हा बरं वाटतं वर. सोबत असते."

"कसली सोबत?"

"विमानांची. आताशा तुम्ही असलात की दोन-तीन तरी फिरत असतात. कपडे वाळत घालून होईपर्यंत असतात. दुसरा असला की आकाश अगदी ओकंबोकं. मला तेव्हाच कळतं, आज आपलं माणूस खुर्चीत नाही."

बरं वाटलं ऐकून. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल तिने कधी चांगला शब्द काढला नव्हता. आपलं माणूस म्हणाली.

२३ मार्च, रविवार

आज माझी सुट्टी आणि खुर्चीत चष्मेवाला. हिच्याबरोबर वर गेलो. खुर्ची एकच, म्हणून ती बसली आणि मी टाकीला टेकून उभा राहिलो. गर्दीची वेळ. विमानं येत होती, एकामागून एक, सुतात ओवल्यासारखी. लांब ठिपका दिसायचा, मोठा व्हायचा, वळायचा आणि उतरायला निघून जायचा. फिरत कुणीच नव्हतं. मी सारखा वर बघत होतो.

"आज तुम्ही घरी ना," ही म्हणाली, "म्हणून."

ती सहज म्हणाली. चिमटे तोंडात धरून म्हणाली. पण मी टाकीचा टेका सोडून उभा राहिलो.

तेच यंत्र, तीच वेळ, तीच धावपट्टी. बदललेला होता फक्त खुर्चीतला माणूस.

आणि का कोण जाणे, मला डॉक्टरकडचे ते काठीवाले म्हातारेबुवा दिसले. बिचारे बरोबर वेळेवर आले होते. त्यांची वेळ मी घेतली, गोड बोलून, आणि वर मला वाटलं, काय काम केलं. मी एकाला "सरळ या" म्हणतो तेव्हा तो कुणाच्या तरी जागेवर येतो. ज्याची जागा, तो लांबून कुठून तरी गुमान हळूहळू येत असतो, सांगितलं तसा. तो दारात पोचतो आणि मी त्याला म्हणतो, जरा फिर. घसा यंत्रावर नव्हता चिडला. तो माझ्यावर चिडला होता, त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. आणि त्यावर मी काय केलं, तर त्यालाच सरळ घेऊन आणखी कुणाला तरी फिरवला.

ज्याला दिलं त्याचं आभार मानणं ऐकू यायचं. ज्याचं घेतलं तो वर फिरत असायचा, त्याचा आवाज मी ऐकायचो पण ऐकला नाही.

ही म्हणाली, "पाय दुखत असतील तुमचे, बसा की जरा." आणि स्वतः उठली. मी बसलो नाही.

२४ मार्च, सोमवार

आज कानाला खडा लावून खुर्चीत बसलो. एकालाही सरळ नाही. हात शिवशिवत होते. समोर रिकामी जागा दिसतेय, मागून एक पोरगेल्या आवाजाचा विचारतोय, "सरळ येऊ का?" आणि मी म्हणतोय, "आहे त्या वाटेने या." स्वतःचाच आवाज परका वाटला, चष्मेवाल्यासारखा. ती रिकामी जागा रिकामी नसते, ती कुणाची तरी असते, आणि तो पाच मिनिटांत येतोच, हे मी आज पहिल्यांदा नीट बसून पाहिलं. चष्मेवाल्याला मी उगीच नावं ठेवली.

घरी आलो तर हिने दारातच कपाळाला हात लावून पाहिलं.

"काय झालं?"

"वर कुणीच नव्हतं आज. म्हटलं, तुम्हाला मध्येच बरं वाटेनासं झालं की काय. फोन करणार होते."

मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

२५ मार्च, मंगळवार

टाचणीला बाजूला घेऊन सांगितलं. "तुझं यंत्र बरोबर आहे. मीच मध्ये मध्ये हात घालत होतो." सगळं सांगितलं, गच्चीसकट.

ती ऐकत राहिली. मग खिडकीकडे तोंड केलं आणि चष्मा पुसत बसली. म्हणाली, "असं होतं होय मामा."

"तुझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"राहून गेलं बघायचं."

"हे बरोबर नाही. माणूस मोठा आहे, जुना आहे, म्हणून त्याच्या कामाकडे बघायचं नाही असं करू नये. यापुढे ध्यानात ठेव."

"हो मामा."

साहेबांकडे दोघं गेलो. मी सांगितलं, माझी शिफ्ट वेगळी काढून बघा. ते टाचणीकडे वळले, तर तिने दोन बटणं दाबली आणि पडद्यावर सगळा आलेख हजर, रंगसुद्धा भरलेले. इतक्या पटकन कसं केलं कोण जाणे. माझ्या शिफ्टच्या काड्या बाकीच्यांच्या दुप्पट उंच. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "मामा, तुमच्या प्रेमाने मारलं की आम्हाला." पण सहा आठवडे पुरे करायला कबूल झाले.

पोर हुशार आहे, कामसू आहे. नजर मात्र अजून कच्ची. होईल तयार.

२९ मार्च, शनिवार

वैमानिकांचा विश्वास मी घालवला, तो मलाच परत आणायला हवा. आज घसा हद्दीत शिरला. पडद्यावर बघितलं, तर सांगितल्याप्रमाणे हळू आलेला नव्हता, पण अगदी जोरातही नव्हता. अर्धवट. रुसलेल्या माणसासारखा.

"मामा, आज सरळ का?"

"नाही. आहे त्या वाटेने, आणि वेग आणखी थोडा कमी कर."

"म्हणजे पुन्हा फिरवणार."

"फिरवणार नाही. तुझी जागा तुझ्या नावावर आहे, आणि राखायला मी बसलोय."

"मागच्या वेळी कोण बसलं होतं?"

"मीच होतो. म्हणूनच सांगतोय."

पडद्यावर त्याच्या वेगाचा आकडा उतरू लागला. मग म्हणाला, "बरं. केला कमी."

पुढची काही मिनिटं फार कठीण गेली. त्याच्या मागचा घाई करत होता, दोनदा सरळ मागितलं, दोनदा नाही म्हटलं. धावपट्टीसमोर जागा मोकळी पडलेली, आणि सगळी खोली माझ्याकडे बघतेय असं मला वाटत होतं. बघत फक्त टाचणी होती. घसा वळला आणि त्या जागेत असा येऊन बसला, जशी कुलपात किल्ली. एकही फेरी नाही. मागचाही त्याच्या मागून त्याच्या वेळेला उतरला.

त्याआधी मी त्याला धावपट्टीच्या मनोऱ्याकडे सोपवत होतो, तेव्हा घसा म्हणाला, "मामा, मामींना सांगा, आज भेट नाही."

घरी आल्यावर निरोप दिला. ही हसली. "बरं झालं," म्हणाली, "किती इंधन वाचलं असेल." मग ओट्यावरची भांडी पुसायला लागली. ती आधीच पुसलेली होती.

७ एप्रिल, सोमवार

ही आजकाल वर फार थांबत नाही. कपडे वाळत घालते आणि उतरते. विचारलं तर म्हणाली, "बघायला काय आहे वर आता?" उन्हाळा वाढलाय, त्यामुळे असेल.

१२ एप्रिल, शनिवार

प्रयोग संपला. म्हणजे संपला नाही, कायम झाला. घिरट्या निम्म्याच्याही खाली गेल्या. शेवटच्या तीन आठवड्यांनी सगळं ओढून काढलं. साहेबांनी टाचणीचा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाले, "आता असलं काही सुचलं तर माझ्याकडेच आण." परवा वादळ झालं तेव्हा मजले लावावेच लागले, ते कुणाला चुकणार नाही. आकाशाला वेळापत्रक कोण देणार. पण रोजचं फिरणं गेलं.

निघताना टाचणी माझ्या मागे जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "मामा, निवृत्तीनंतर आठवड्यातले चार दिवस येता का? नव्या पोरांना शिकवायला. तुमच्यासारखं कुणी सांगणार नाही त्यांना."

"काय सांगू? माझ्यासारखं करू नका?"

"तेच," ती म्हणाली, आणि इतकी हसली की कठड्याला धरावं लागलं.

सकाळची वेळ म्हणाली. गर्दी तेव्हाच असते. मी म्हटलं, थांब जरा, घरी विचारतो.

१३ एप्रिल, रविवार

हिला विचारलं. ती म्हणाली, "जा की. तुम्हाला बरं वाटेल." लगेच म्हणाली, एका श्वासात. मोठ्या मनाची आहे. मग विचारलं, "सकाळी?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाली, आणि टोपली घेऊन वर गेली. मिनिटभरात खाली आली.

३० एप्रिल, बुधवार

शेवटचा दिवस. भाषणं झाली. चष्मेवाला दोन मिनिटं बोलला, मला वाटतं त्याच्या वर्षभराचं बोलणं संपलं त्यात. शेवटचं विमान घशाचं निघालं. योगायोग म्हणू की टाचणीची करामत, माहीत नाही. त्याने विचारलं, "मामा, आज तरी सरळ?" मी म्हटलं, "आज तर मुळीच नाही." हेडफोन काढून ठेवला. कानांना फार हलकं वाटलं.

बाहेर पडलो तर घरी जायला घाई करावीशी वाटली नाही. जेवायला एक वाजता येतो म्हणून हिला सांगितलं होतं. आधी जाऊन तिची धांदल कशाला करा. रमतगमत, दुकानं बघत गेलो. वाटेत लोखंडी सामानाच्या दुकानातून चार स्क्रू घेतले. दार ती उघडत होती तेव्हा आत घड्याळात एक वाजत होता. ही घड्याळाकडे बघून म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवला?"

२ मे, शुक्रवार

सकाळी खुर्चीचा पाय पक्का केला. दहा मिनिटांचं काम निघालं. वर्षभर अडून होतं. खांद्यावर घेऊन जिना चढलो, दोनदा दम खाल्ला. तिच्या खुर्चीशेजारी नेऊन ठेवली आणि बसलो.

टाचणीला फोन केला. म्हटलं, "येईन, पण दुपारी. दुपारची गर्दी थोडी कमी असते, पोरांना शिकायला तीच बरी."

"आणि सकाळी मामा?"

"सकाळी जमणार नाही. सकाळी वर ऊन छान असतं."

ती म्हणाली, "दुपारी तर दुपारी." काय समजायचं ते समजली असेल.

ही टोपली घेऊन आली, मला बघितलं, आणि दारातच थांबली. मग कपडे वाळत घालायला लागली. चिमटे संपले तरी खाली गेली नाही, येऊन शेजारी बसली. लांब एक ठिपका दिसला, मोठा झाला. वळला, आणि कुठेही न थांबता उतरायला गेला. मी म्हटलं, "अगं बघ, घसाच असणार तो."

ती बघत नव्हती. वाकून माझ्या खुर्चीचा पाय हलवून बघत होती, अजून डुगडुगतो की काय.